नुसती जाळी!

मुक्ता दिवाळीला कोल्हापूरला आली तेव्हा तिच्या सॅकमध्ये एक काड्यापेटी होती. आत कापसात गुंडाळलेली रुपयाएवढी पांढरी चकती. चकतीच्या मधोमध काळी टिकली, उलट्या बाजूला तेवढीच करडी टिकली. काळ्या टिकलीवर चांदीची बारीक जाळी चिकटवलेली आणि जाळीतून निघालेल्या चांदीच्या दोन तारा. चकतीला आडवा तडा गेला होता.

"फुटली म्हणून आणता आली," ती म्हणाली. "धड असती तर आत्ता ८०० अंशांच्या भट्टीत असती."

माझ्या लेकीची पीएच.डी. या टिकलीवर चालू आहे. सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल, म्हणजे घन ऑक्साइडचा इंधनघट. एका बाजूनं हवा, दुसऱ्या बाजूनं हायड्रोजन किंवा दुसरा एखादा इंधनवायू, आणि न जाळता थेट वीज. माझे थोरले बंधू, ज्यांना मी दादा म्हणतो, वीज मंडळाच्या सबस्टेशनांमध्ये ३४ वर्षं काढून निवृत्त झाले. त्यांनी चिवड्याची बशी बाजूला सारली, घड्याळजीचं असतं तसं भिंग डोळ्याला लावलं आणि चकती उन्हात धरली.

"ही जाळी कशाला गं?"

"ती काही नाही हो काका. नुसती जाळी आहे. करंट बाहेर काढायला."

त्या 'नुसती'वर पुढचे तीन तास गेले. मी मधे बसून होतो. दोघांनाही मी आपल्या बाजूचा वाटत होतो, ही मध्ये बसण्याची एकमेव सोय.

"नुसती?" दादा म्हणाले. "अगं, वीज तयार करणारा एक आणि ती घरी पोचवणारा एक. यातला नुसता कोण ते आधी ठरव की."

मुक्तानं ठरवलेलंच होतं. "काका, ही पांढरी चकती झिर्कोनियाची, थोडा यिट्रिया मिसळलेली. ती इलेक्ट्रॉन जाऊ देत नाही, पण तापवली की ऑक्सिजनचे आयन आरपार सोडते. नेर्न्स्टनं १८९०च्या दशकात याच मसाल्याची कांडी करून दिवा केला होता. १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये बाउर आणि प्राइस या दोघांनी त्याच जातीच्या सिरॅमिकचा इंधनघट चालवला, १००० अंशांवर. म्हणजे चकती केव्हाच हाताशी होती. अडलं ते टिकल्यांवर."

"कसं?"

"हवेतला ऑक्सिजन म्हणजे दोन अणूंची जोडगोळी. ती फुटली पाहिजे, तिला चार इलेक्ट्रॉन मिळाले पाहिजेत, मग ती आयन होऊन चकतीत शिरणार. त्यासाठी हवा, इलेक्ट्रॉन आणि आयनांची वाट, तिघं एका ठिकाणी भेटायला लागतात. या टिकल्या म्हणजे इलेक्ट्रोड, हवेकडची काळी तो कॅथोड. जुन्या कॅथोडमध्ये, लँथॅनम-स्ट्राँशियम मँगनाइटमध्ये, इलेक्ट्रॉन पळतात, पण आयन जवळजवळ हलत नाहीत. मग भेटीची जागा म्हणजे जिथं कॅथोडचा कण चकतीला टेकतो तिथली फक्त कड. पृष्ठभाग नाही, एक रेघ. तेवढ्या रेघेवर काम भागवायचं तर ९००-१००० अंश तापवा. मग मँगनीजच्या जागी कोबाल्ट आणि लोह आलं. त्यात इलेक्ट्रॉनही पळतात आणि आयनही. कणाचा सगळा पृष्ठभाग कामाला लागला. तापमान ७००पर्यंत उतरलं ते यामुळं."

"म्हणजे तुझी टिकली हुशार. मान्य. जाळीचं काय?"

"जाळीचं नशीबसुद्धा टिकलीनंच उघडलं. १००० अंशांवर एका सेलची वीज दुसऱ्या सेलला द्यायला पोलाद टिकत नव्हतं. लँथॅनम क्रोमाइटची सिरॅमिक पट्टी लागायची. महाग, ठिसूळ. कॅथोड सुधारला, भट्टी थंडावली, तेव्हा कुठं साधं क्रोमवालं पोलाद वापरता आलं. सगळा खेळ चकतीलगतच्या दहा-वीस मायक्रॉनमध्ये चालतो काका. तिथं काही घडलंच नाही तर सोन्याच्या तारा लावून काय वाहून नेणार?"

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. दादांना वाटला नाही. त्यांनी लाइट बिल उलटं केलं आणि पेन घेतलं.

"टिकली केवढी आहे तुझी?"

"अर्धा चौरस सेंटीमीटर."

"आणि करंट?"

"चौरस सेंटीमीटरला अर्धा अँपिअर धरा."

"म्हणजे पाव अँपिअर. एवढ्यावर माझा जुना टॉर्चसुद्धा नीट लागत नाही. आता कारखान्यातला सेल धर, शंभर चौरस सेंटीमीटरचा. पन्नास अँपिअर झाले. जॉइंटमध्ये नुसता एक मिलीओहम राहिला. नुसता बरं का! तर पन्नास मिलीव्होल्ट खाल्ले. सेल देतो किती?"

"लोडवर पाऊण, फार तर आठ दशांश व्होल्ट."

"म्हणजे शंभरातले सहा रुपये तारेत गेले. असे साठ सेल एकावर एक रच. तीन व्होल्ट गेले. एका सेलमागं अडीच वॅटची उष्णता, तीसुद्धा नेमकी जॉइंटवर. आमच्याकडं ट्रान्सफॉर्मर कधी जळला नाही पोरी, जळले ते जॉइंटच."

(यात अतिशयोक्ती आहे. एका उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळला म्हणून हेच दादा तीन रात्री घरी आले नव्हते. पण वादात आकडेवारीला थोडी मुभा द्यावी लागते.)

मुक्ता म्हणाली, हे फक्त रोधाचं गणित झालं. दादा म्हणाले, नाही, हे जागेचंही आहे. जाळी टिकलीला टेकते ती काही ठिकाणीच. जिथं टेकत नाही तिथला करंट कुठून येणार? आडवा चालत. आणि कॅथोडचं सिरॅमिक वीज नेतं ते चांदीच्या मानानं शेकडो पटींनी कमी. मग जिथं धातू टेकला तिथल्या भागावर सगळा ताण, बाकीचा भाग आळशी.

"मग सगळीकडं धातू लावा," मी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

दोघांनी एकदमच माझ्याकडं पाहिलं. एवढ्यापुरतं त्यांचं एकमत होतं. धातूनं सगळं झाकलं तर हवा कुठून शिरणार? पोलादी पट्टीला म्हणूनच नाल्या आणि वरंबे असतात. वरंबा टेकतो तिथं वीज मिळते पण त्याखाली हवा कोंडते. नालीतून हवा मिळते पण वीज नाही. वरंबे रुंद करावेत की अरुंद, याला एकच उत्तर नाही. उसाच्या सरीसारखं आहे. जमीन, पाणी आणि खत बघून सरीची रुंदी ठरते.

मुक्तानं मग एक गोष्ट सांगितली. ती खरं तर दादांच्या पारड्यात पडणारी होती, तरी तिनं सांगितली. नेदरलँड्समध्ये वेस्टरवोर्ट या गावी १९९०च्या दशकाच्या शेवटी सीमेन्स-वेस्टिंगहाउसचा १०० किलोवॅटचा संच चालला. त्यातले सेल म्हणजे नळ्या. दीड मीटर लांब, सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास व्यासाच्या. नळी आतून कॅथोडची, बाहेरून निकेलची. वीज गोळा करायची पट्टी नळीच्या एका बाजूनं लांबीभर. म्हणजे पट्टीच्या नेमक्या समोरच्या बाजूला आलेल्या करंटला अर्धा परिघ, जवळजवळ साडेतीन सेंटीमीटर, कॅथोडच्या भिंतीतून वळसा घालून यावं लागायचं. आयनांची वाट मात्र मिलीमीटरच्या शतांशांत मोजायची.

"म्हणजे कोल्हापूरहून पन्हाळ्याला जायला पुण्यावरनं," दादा खूश झाले. "मग काय केलं त्यांनी?"

"पुढं नळ्या चपट्या केल्या आणि आत आडवे पडदे घातले. करंटला आखूड वाट."

"इलेक्ट्रोड बदलला?"

"…नाही. आकार बदलला."

दादांनी चिवड्याची बशी परत पुढं ओढली. मला वाटलं संपलं. पण मुक्ता चकती बोटांत फिरवत होती. पुढचं तिनं आवाज खाली आणून सांगितलं, आणि मला विचाराल तर तिथून पुढं वाद राहिलाच नाही, किंवा खरा सुरू झाला.

"काका, तुम्ही म्हणता जाळी वीज खाते. माझ्या बाबतीत उलटं झालं. जाळीनं मला वीज दिली. माझी नसलेली."

गेल्या वर्षी तिचा एक कॅथोड फार छान चालला होता. अपेक्षेपेक्षा बराच छान. शोधनिबंधाचा मसुदा तयार झाला, आलेख रंगवून झाले. मग गाईडनी एक साधा प्रश्न विचारला: वरची चांदीची पेस्ट किती जाड लावली होतीस? हिनं टिकलीभर ब्रशनं फासली होती, जाळी चांगली बसावी म्हणून. गाईड म्हणाले, हाच कॅथोड सोन्याच्या जाळीवर घे. सोन्यावर घेतला आणि आकडे खाली आले. कॅथोड वाईट नव्हता, मधला होता. वरचं श्रेय चांदीचं होतं.

"चांदीला काय कळतं त्यातलं?" दादांनी विचारलं.

"सगळं कळतं. ऑक्सिजन फोडायला चांदी स्वतःच तरबेज आहे. प्लॅटिनम तर आहेच. ऑक्सिजन चांदीत विरघळतोसुद्धा. पेस्ट सच्छिद्र कॅथोडमध्ये झिरपली की कण जाऊन थेट कामाच्या जागेवर बसतात. मग मी मोजते ते कॅथोडचं काम की चांदीचं? सोनं त्या मानानं बरंच निष्क्रिय, म्हणून खात्री करायला सोनं. कितीतरी बटन सेलची, म्हणजे अशा चकत्यांची, मापं चांदीवर आणि प्लॅटिनमवर घेतली जातात. जाळी बदलली की एकाच कॅथोडचे आकडे वेगळे येतात."

दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या आयसोलेटरच्या पात्यांना चांदीचा मुलामा असतो. काँटॅक्ट चांगला राहावा म्हणून. तिथं ती गुपचूप आपलं काम करते."

"तुमच्याकडं ती थंड असते. ८०० अंशांवर ती गप्प बसत नाही. वितळते ९६१ला, म्हणजे हाताच्या अंतरावर. हळूहळू उडते, सरकते, गोळे होऊन बसते." तिनं भिंग पुन्हा दादांच्या हातात दिलं. "तारेच्या मुळाशी बघा."

मीही पाहिलं. जिथं तार जाळीला टेकली होती तिथं चांदीचा साबुदाण्याच्याही दशांशाएवढा गोळा झाला होता, गुळगुळीत, आणि त्याच्या शेजारची जाळीची दोरी जवळपास सूत राहिली होती. जाळीच्या एका चौकोनात पेस्ट पार बुजून आरशासारखी चकाकत होती. तिथून हवा जाणार कशी, हे विचारावं लागलं नाही. तडा बरोबर त्या चौकोनाखालून गेला होता.

"फुगण्यातला फरक," दादा म्हणाले. त्यांना हे सांगावं लागत नाही. तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या जोडावरचा क्लॅम्प तापून-निवून ढिला का पडतो, हे त्यांनी निम्म्या जिल्ह्याच्या वायरमनांना शिकवलं आहे.

"तडा चांदीमुळंच गेला असं नाही म्हणता येणार," मुक्ता म्हणाली, "पण झिर्कोनियाच्या जवळजवळ दुप्पट चांदी फुगते, हे खरं."

इथं मी चहा मागवला, कारण मला निकेलचं विचारायचं होतं. करड्या टिकलीकडं कुणी बघतच नव्हतं.

इंधनाच्या बाजूची ही टिकली म्हणजे निकेल आणि झिर्कोनियाची खिचडी. १९६०च्या दशकात अमेरिकेत हेन्री स्पासिल यांना ही जोडी सुचली आणि अजूनही ती हटलेली नाही. निकेल हायड्रोजनचं रसायन सांभाळतं आणि इलेक्ट्रॉनही वाहून नेतं. झिर्कोनिया निकेलच्या कणांना एकमेकांत वितळून जाऊ देत नाही. निकेलचं प्रमाण आकारमानानं साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेलं की कणाला कण टेकण्याची साखळी तुटते आणि टिकली एकदम विजेला बंद होते. हळूहळू नाही, एकदम.

"बघा, हा एकटाच इलेक्ट्रोडही आहे आणि जाळीही," मुक्ता म्हणाली. "म्हणून तर सगळी दुखणी त्याच्याच वाट्याला. मिथेन सोडला की त्यावर काजळी धरते. गंधकाचा अंश आला की मरगळतो. चुकून हवा शिरली की निकेलचं ऑक्साइड होतं आणि ते ७० टक्के फुगतं. चकती फुटते."

"मग कामं वेगळी करा की. एकाच माणसाला मीटर रीडिंगपण आणि खांबावर चढायलापण लावलं की हेच होतं."

"केलीत ना! २००० साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गोर्टे आणि व्होस यांच्या गटानं निकेल काढून तांबं घातलं आणि जोडीला सेरिया, म्हणजे सेरियमचं ऑक्साइड. हायड्रोकार्बनचं रसायन तांब्याला जमत नाही, म्हणूनच काजळी धरत नाही. ते फक्त वीज नेतं. रसायन सेरियाकडं. थेट हायड्रोकार्बन इंधनावर सेल चालला."

"म्हणजे तांबं नुसतं वाहक. आणि त्या नुसत्यामुळंच जमलं."

"जमलं. पण तांबं १०८५ला वितळतं. तुम्ही भट्टीत ठेवून बघा, काही महिन्यांत कण एकत्र येऊन साखळी तुटायला लागते. म्हणून कारखान्यांत अजून निकेलच."

या ठिकाणी दोघांचे मुद्दे इतके एकमेकांत गेले होते की कोण कुणाचं बोलतंय ते मला ऐकून सांगता आलं नसतं. दादा इलेक्ट्रोडची छिद्रं किती मायक्रॉनची असतात ते विचारत होते आणि मुक्ता क्लॅम्पच्या दाबाबद्दल. पण एक गोष्ट तिनं शेवटी राखून ठेवली होती आणि ती दादांना लागली.

"काका, तुमचं पोलाद माझ्या कॅथोडला विष घालतं."

सेलांच्या मधल्या पोलादी पट्टीत २२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, गंज धरू नये म्हणून. तापलं की त्यावर क्रोमियम ऑक्साइडची पातळ साय धरते. हीच साय पोलादाला वाचवते. पण दमट गरम हवेत त्या सायीतून क्रोमियम वाफ होऊन निघतं, हवेबरोबर कॅथोडमध्ये शिरतं आणि नेमकं जिथं ऑक्सिजन फुटतो त्या जागा बुजवतं. बाहेर कुठं काही दिसत नाही. आठवड्यागणिक व्होल्टेज उतरत राहतं आणि लोक कॅथोडला दोष देतात.

दादांचा चेहरा आपल्याच खात्याची चूक निघाल्यासारखा झाला. "मग?"

"मग पोलादाला मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइडचा लेप. वाफ अडते, वीज जाते. जर्मनीत युलिशच्या संशोधन केंद्रात दोन सेलांचा एक छोटा संच २००७च्या ऑगस्टमध्ये चालू केला तो २०१९च्या जानेवारीत बंद केला. एक लाख तासांच्या वर. ७०० अंशांवर."

"अकरा वर्षं? एवढं तर आमचं ब्रेकरसुद्धा सर्व्हिसिंगशिवाय…" दादांनी वाक्य अर्धंच सोडलं.

त्यात टिकल्यांचं कौतुक किती आणि पोलादाच्या लेपाचं किती, हे मी विचारलं. मुक्ता म्हणाली, असं वाटून देता येत नाही. मोजणीत तरी येत असेल, मी चिकाटीनं म्हटलं. इंपीडन्स नावाची चाचणी ती रोज करते हे मला माहीत होतं. त्यात वेगवेगळ्या वारंवारितेचा करंट घालून साधा रोध एकीकडं आणि रसायनाचा रोध दुसरीकडं दिसतो, असं तिनंच मला एकदा समजावलं होतं.

"दिसतो बाबा. पण जाळी कच्ची बसली असेल तर टिकलीचा काही भाग कामच करत नाही. मग साधा रोधही वाढतो आणि रसायनाचाही वाढल्यासारखा दिसतो. कॅथोड बिचारा ठणठणीत असतो."

माझं मत विचारणारं तिथं कुणी नव्हतं, म्हणून इथं लिहितो. मुक्ता चुकली ती 'नुसती' म्हणण्यात, आणि दादा चुकले ते जाळीला फक्त तार समजण्यात. शंभर अंशांच्या आतलं दादांचं सगळं आयुष्य, तिथं तार म्हणजे तार. ८०० अंशांवर तार उडते, झिरपते, फुगते, कधी फुकटचं काम करते, कधी विष घालते. ती तिथं रसायनच असते. इंग्लंडच्या सेरेस पॉवरनं तर पोलादाच्या पत्र्यालाच बारीक भोकं पाडून त्यावर सेरियाचा सेल छापला. आधार, वायूची वाट आणि विजेची वाट तिन्ही एकाच पत्र्याची, आणि चालतो ६००च्या आसपास. २०२४ मध्ये पुण्याच्या थरमॅक्सनं याच सेरेसशी करार केला, मात्र सेल उलटा चालवण्यासाठी, म्हणजे वीज घालून वाफेतून हायड्रोजन काढण्यासाठी.

"उलटा चालवला तर करंट उलटा," दादा लगेच म्हणाले. "जॉइंट तेच. बरं, एक सांग. तुझ्या ह्या चकतीला तारा किती लावतीस?"

"दोन हवेकडं, दोन इंधनाकडं."

"करंट एका जोडीतनं आणि व्होल्टेज दुसऱ्या जोडीतनं?"

"हो. तारांचा रोध वजा होतो."

"तारांचा होतो. पण दोन्ही तारा एकाच जाळीला बांधल्यास, मग जाळी आणि टिकली यांच्यामधला? तो आत राहिला की नाही?"

मुक्ता थांबली. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तरी दादांनी लाइट बिलावर गोल काढला, त्यात टिकली, टिकलीच्या कडेपासून थोडं अंतर सोडून चकतीवर एक ठिपका, आणि म्हणाले, "इथं एक तिसरा टॅप घेता येतो का?"

"येतो. त्याला रेफरन्स इलेक्ट्रोड म्हणतात. पण तो कुठं ठेवायचा यावरच भांडणं आहेत काका. थोडा सरकला तरी माप बदलतं. आणि जाळीचा काँटॅक्ट त्यानंही सुटत नाही."

"भांडणं असू देत. आणि जाळी?"

"सोन्याची. पण आमच्याकडं एवढीशीच आहे आणि नवी मागवायला…"

दादांनी मोबाइल काढला. हुपरीला त्यांचा एक जुना मित्र आहे, तार ओढण्याचा धंदा. पैंजणांसाठी चांदीची तार ओढतो, सांगितलं तर सोन्याचीही. "अरे, एक दशांश मिलिमीटर ओढशील का? सोनं. शुद्ध. त्यात काही मिसळायचं नाही." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दादांनी फोनवर हात ठेवला आणि मुक्ताकडं वळले.

"मंगळसूत्राला पाहिजे का म्हणून विचारतोय. किती लांब लागंल?"